खर्चीचा माग आणि घरचा माग

पत्राचा सारांश: "मी इचलकरंजीची, वय २३, बी.कॉम. झाले आहे. बाबा खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारे, आमचे आठ माग आहेत, त्यांचे हिशेब मीच बघते. दादाच्या नागराजच्या कॉमिक्सवरून चित्रं काढायला शिकले, आता टॅब्लेटवर काढते. आयुष्यभर सुपरहिरो कॉमिक्स काढायची इच्छा आहे. माझी स्वतःची एक नायिका आहे, माग चालवणारी मुलगी, जिच्या अंगात वीज साठते. एका नव्या प्रकाशकाला ती आवडली. ४८ पानांचं पुस्तक, २५ हजार रुपये, आणि करारात 'पात्रासह सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे' असं कलम आहे. सही करू का? मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात जायला हवं होतं का? इथून मार्व्हल-डीसी या अमेरिकेतल्या बड्या कॉमिक्स कंपन्यांपर्यंत पोचता येतं का? एआय आल्यावर या कामाला काही अर्थ उरलाय का? बाबा म्हणतात, बँकेची परीक्षा दे. काका, काय करू?"

प्रिय मुली,

सही करू नकोस. निदान या कलमावर, या रकमेला तरी करू नकोस. कारण सांगतोच, पण आधी तुझ्या चित्रांबद्दल बोलू, कारण करारापेक्षा तो विषय मोठा आहे.

तू पाठवलेली बारा चित्रं मी टेबलावर मांडून दोन संध्याकाळ पाहिली. तुझा हात चांगला आहे, हे आधी सांगतो. खांदा जिथे छातीला मिळतो ती जागा भल्याभल्यांची चुकते, तुझी चुकत नाही. कापड कुठे ताणलं जातं आणि कुठे लोंबतं, हेही तुला कळतं. आठ मागांच्या घरात वाढलेल्या मुलीला ते कळणारच. पण बाराही चित्रांत तुझी नायिका एकटी आहे. बाराही चित्रांत ती आकाशात किंवा धुरात आहे. नऊ चित्रांत तिचे पाय दिसत नाहीत. आणि जी मुलगी माग चालवते असं तू लिहितेस, तिच्या बारा चित्रांत एकही माग नाही.

ही बारा पोस्टर्स झाली, कॉमिक अजून सुरू व्हायचंय.

तुला शाळेत इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला ए ग्रेड होती ना? त्या परीक्षेचे पेपर आठव. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. शाळेत सगळ्यांचा जीव स्थिरचित्रात असतो. तांब्या, कांदा, मागे पडदा. स्मरणचित्राचा पेपर मुलं कशीबशी उरकतात. 'बाजारातील दृश्य' किंवा 'बसथांब्यावरील गर्दी' असं काहीतरी येतं आणि मुलं पाठ केलेल्या चार आकृत्या बसवून मोकळी होतात. कॉमिकचं पान म्हणजे रोज नव्याने द्यायचा स्मरणचित्राचा पेपर. समोर मॉडेल नसतं. एकाच रिक्षाला पहिल्या चौकटीत समोरून, दुसरीत छतावरून आणि तिसरीत आत बसलेल्या माणसाच्या नजरेतून काढायचं असतं, आणि ती तीच रिक्षा वाटली पाहिजे. भूमितीचा पेपर इथे कामाला येतो. अक्षरलेखनाचाही येतो, कारण संवादाचा फुगा कुठे बसणार याची जागा चित्र काढतानाच सोडावी लागते. ती सोडली नाही तर लेटरिंग करणारा नायिकेच्या कपाळावर फुगा ठेवतो आणि दोष त्याचा नसतो.

आता कामाचा आवाका सांगतो. अमेरिकेतल्या सुपरहिरो मासिकाच्या एका अंकात साधारण २० ते २२ पानं गोष्ट असते. पानावर पाच-सहा चौकटी धरल्या तर महिन्याला शंभर-सव्वाशे चित्रं झाली. म्हणून तिथे काम वाटलेलं असतं: एक जण स्क्रिप्ट लिहितो, एक पेन्सिलिंग करतो, दुसरा त्यावर शाई चढवतो, तिसरा रंग भरतो, चौथा लेटरिंग करतो. कागदावर काढणारे ११ बाय १७ इंचांच्या बोर्डावर काढतात आणि छापताना ते लहान होतं. पेन्सिलिंग करणाऱ्याकडून दिवसाला एक पान ही अपेक्षा धरलेली असते. तुझं एक पोस्टर चार दिवसांत होतं असं तू लिहिलंस. प्रत्येक चौकटीला तोच वेग धरला तर एक अंक व्हायला वर्षाहून जास्त जाईल.

हे वाचून घाबरू नकोस. वेग सरावाने येतो, आणि तो येतो कुठे तपशील द्यायचा आणि कुठे सोडायचा हे कळायला लागल्यावर. पहिल्या चौकटीत कारखाना पूर्ण काढलास की पुढच्या तिन्हीत एक खांब आणि एक पट्टा पुरतो. बाकीचं वाचकाचा डोळा भरतो.

जे.जे.बद्दल विचारलंस. जॅक कर्बी हे नाव तुला माहीत असेलच. १९१७ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये जन्मलेला, कपड्याच्या कारखान्यात राबणाऱ्या बापाचा मुलगा. कला शिकायला प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये गेला आणि आठवड्यात बाहेर पडला. पुढे ज्यो सायमनबरोबर त्याने कॅप्टन अमेरिका उभा केला. पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा मारतोय आणि अंकावर तारीख आहे मार्च १९४१ ची, म्हणजे अमेरिका युद्धात उतरायच्या कितीतरी आधीची. कर्बीची माणसं उडतात तेव्हा खरी का वाटतात? कारण ती ज्या गल्लीतून उडतात ती गल्ली त्याने पायांनी मोजलेली आहे. मारामाऱ्या, जिने, पाण्याचे बंब, दोरीवर वाळणारे कपडे, सगळं त्याच्या लहानपणातलं आहे. मला कुणी कर्बीचं सर्वांत मोठं काम कोणतं असं विचारलं, तर मी ती गल्ली म्हणेन.

म्हणून जे.जे. हुकलं याची खंत करू नकोस. चार वर्षांची पदवी चांगलीच असते, सोबतीला चित्रं काढणारी माणसं मिळतात, पण २३ व्या वर्षी बी.कॉम. होऊन घरचा हिशेब सांभाळणाऱ्या मुलीने सगळं सोडून सीईटीच्या मागे लागावं असं मला वाटत नाही. तासाभरावर कोल्हापूर आहे. तिथे कलानिकेतन आणि दळवीज या कलाशिक्षणाच्या संस्था आहेत, आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या जुन्या चित्रकारांपासून चालत आलेली यथार्थ चित्रणाची परंपरा आहे. तिथल्या एखाद्या शिक्षकाकडे रविवारी मानवी आकृतीच्या अभ्यासाला जाता येतं का बघ. आणि उरलेले सहा दिवस मागांच्या शेडमध्ये स्केचबुक घेऊन बस. धोटा बदलणारा हात, सुटलेला धागा गाठणारी बोटं, कंटाळून उभा असलेला कामगार एका पायावर भार कसा देतो, हे काढ. पाय काढ. पायांशिवाय माणूस जमिनीवर उभा राहत नाही आणि जमिनीवर उभा न राहिलेला माणूस उडाला तरी वाचकाला काही वाटत नाही.

तुझ्या दादाची नागराजची कॉमिक्स अजून घरात असतील तर पुन्हा काढून बघ. दिल्लीच्या राज कॉमिक्सने १९८६ मध्ये नागराज आणला, पण सुरुवातीची बरीच वर्षं तो रेखाटला गेला आपल्या पुण्यात, प्रताप मुळीकांच्या हातून. ज्या हाताने अमर चित्र कथेतले राजे आणि देव काढले तोच हात. त्यांच्या नागराजला वजन आहे. तो भिंतीवरून उतरतो तेव्हा भिंतीला हात टेकतो. राज कॉमिक्सचाच दुसरा नायक भोकाल काढणारे दिलीप कदमही पुण्याचेच. सुपरहिरो परदेशातून किंवा दिल्लीतून आले आणि मराठी माणसाने फक्त वाचले, असं तुझ्या पत्रात एके ठिकाणी आहे. तसं नाही. तू ज्यांना बघून शिकलीस ते तुझ्यापासून काही तासांच्या अंतरावर बसून काढत होते.

आता कराराकडे येतो.

खर्चीचं काम म्हणजे काय, हे तुला मी सांगायची गरज नाही. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं. तुझ्या बाबांना मिळते ती विणण्याची मजुरी. कापड पुढे शंभराला विकलं जावो की हजाराला, मजुरी तीच. अमेरिकेत मार्व्हल-डीसीचं काम याच रीतीने चालतं आणि त्याला 'वर्क फॉर हायर' म्हणतात. बॅटमॅन कंपनीचा, तू त्याची पानं विणून द्यायचीस, पानावर मजुरी घ्यायचीस. यात लाज नाही. तुझ्या बाबांनी याच कामावर तुला शिकवलं. दर नीट असेल, पैसे वेळेवर येत असतील, तर खर्चीचं काम जरूर कर.

पण तुझ्या प्रकाशकाने जे मागितलंय ते खर्चीचं काम नाही. इथे सूत तुझं आहे. ती मुलगी तुझी आहे. मजुरी विणण्याची देऊन तो सूत, कापड आणि मागसुद्धा मागतोय.

जेरी सीगल आणि ज्यो शुस्टर या क्लीव्हलँडच्या दोन मुलांनी १९३८ च्या मार्चमध्ये सुपरमॅनचे हक्क पुढे डीसी झालेल्या कंपनीला लिहून दिले. १३ पानांचे १३० डॉलर, पानाला दहा डॉलर. दोघांचं वय तेव्हा २३ होतं, म्हणजे तुझ्याएवढं. पुढची कित्येक वर्षं ते कोर्टात भांडले आणि हरले. शुस्टरची नजर अधू झाली. १९७५ मध्ये सुपरमॅनवर मोठा सिनेमा येऊ घातला होता, वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, तेव्हा कुठे कंपनीने दोघांना प्रत्येकी वर्षाला २० हजार डॉलर देऊ केले आणि निर्माते म्हणून त्यांची नावं परत छापायला सुरुवात केली. कर्बीचंही तेच. हजारो पानं काढलेल्या त्या माणसाला १९८० च्या दशकात मार्व्हलकडून आपलीच मूळ पानं परत मिळवायला झगडावं लागलं आणि हाती आली सुमारे दोन हजार. त्याच्या कुटुंबाशी कंपनीने तडजोड केली २०१४ मध्ये. कर्बी १९९४ मध्येच गेला होता.

असे अनुभव पाहूनच १९९२ मध्ये त्या वेळच्या सर्वांत खपाऊ चित्रकारांपैकी सात जण मार्व्हलचं काम सोडून बाहेर पडले आणि त्यांनी इमेज कॉमिक्स सुरू केलं. नियम एकच: पात्र ज्याने निर्माण केलं त्याचं. टॉड मॅकफार्लेन, जिम ली हे त्यातलेच.

मीही तुझ्या वयाचा असताना असाच एक कागद न वाचता सही केला. नऊ वर्षं त्या प्रकाशकासाठी काढलं. हजारावर मूळ पानं, निबने आणि ब्रशने शाई चढवलेली, त्यांच्या कपाटात राहिली. कचेरी बदलताना ती रद्दीत गेली. मी चौकशी करायला गेलो तेव्हा तिथल्या माणसाला खरंच आश्चर्य वाटलं की ती परत हवी असतील. माझ्याकडे आज अकरा पानं आहेत, तीही दुरुस्तीसाठी घरी आणली होती म्हणून वाचली. ती मी अजून नीट बघू शकत नाही.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा तुझ्या बाजूने थोडा उभा राहतो, पण कागद गप्प असेल तरच. हक्क किती काळासाठी दिले हे करारात लिहिलं नसेल तर ते पाच वर्षांसाठी धरले जातात. कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारतासाठी. म्हणूनच समोरचा 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' असे शब्द आवर्जून घालतो. एक गोष्ट मात्र हक्क लिहून दिले तरी तुझ्याकडे उरते: हे काम माझं आहे असं सांगण्याचा अधिकार. कलम ५७. तो विसरू नकोस.

तेव्हा प्रकाशकाला भांडणाच्या सुरात नको, पण स्पष्ट लिही. पात्र माझं राहील. मराठी आणि हिंदी पुस्तकरूपाचे हक्क पाच वर्षांसाठी देते. सिनेमा, मालिका, खेळणी, गेम यांचं त्या त्या वेळी वेगळं बोलू. मुखपृष्ठावर माझं नाव. मूळ फायली आणि पानं माझी. निम्मे पैसे आधी. तो नाही म्हणाला तर जाऊ दे. तुझी नायिका कुठे पळून जात नाही. आणि सही करण्याआधी कागद एखाद्या वकिलाला दाखव. इचलकरंजीत व्यापाराचे करार बघणारे वकील भरपूर आहेत, आणि हाही व्यापाराचाच करार आहे.

पैशांचंही बघ. २५ हजारांना ४८ पानं म्हणजे पानाला ५२१ रुपये. पेन्सिल, शाई, रंग, अक्षरं सगळं तूच करणार असशील तर एका पानाला चारच दिवस धरले तरी दिवसाला १३० रुपये. वेग वाढून दोन दिवसांत पान झालं तरी २६०. बाबांना विचार, कामगाराला एका पाळीचे किती देतात. त्यांना पिकावर, म्हणजे विणीतल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी कळते, तू त्यांना पानावर मजुरी समजावून सांग. मला वाटतं बँकेच्या परीक्षेवरचं तुमचं भांडण त्या दिवशी थोडं निवळेल, कारण ते तुझ्या चित्रकलेच्या विरोधात नाहीत. मुलीने आयुष्यभर दुसऱ्याच्या सुतावर राबू नये इतकंच त्यांना वाटत असणार.

बँकेची परीक्षा द्यावी का? तुझ्या जागी मी असतो तर हिशेबाचं काम चालू ठेवलं असतं आणि पहाटेचे तीन तास पानांना दिले असते, दोन वर्षं. परीक्षेच्या तयारीला तेच तीन तास लागतात, म्हणून ती आत्ता नको. दोन वर्षांनी पानं बघून ठरव.

इथून मार्व्हल-डीसीपर्यंत जाता येतं का? येतं. पण वाट सरळ नाही. घरबसल्या पाठवलेल्या गोष्टी मोठ्या कंपन्या कायद्याच्या भीतीने उघडूनही बघत नाहीत. संपादक माणसं शोधतात ती आधीच छापलेल्या छोट्या पुस्तकांतून. सुमित कुमारचं उदाहरण घे. राम व्ही या मुंबईत वाढलेल्या, शिक्षणाने केमिकल इंजिनिअर असलेल्या लेखकाबरोबर त्याने २०१८-१९ मध्ये एका छोट्या अमेरिकी प्रकाशनासाठी पाच अंक काढले, आणि २०२१ मध्ये डीसीने त्याच्याकडून मॅन-बॅटची मालिका काढून घेतली. मुंबईच्या आनंद राधाकृष्णनला २०२१ मध्ये आयस्नर पुरस्कार मिळाला, अमेरिकी कॉमिक्समधला सर्वांत मानाचा, तोही इमेजने छापलेल्या स्वतंत्र पुस्तकासाठी. त्या पुस्तकातली अक्षरं आदित्य बिडीकर यांची. लेटरिंगवर स्वतःचं नाव करता येतं, हे मुद्दाम सांगतो, कारण तुझं अक्षर सुंदर आहे आणि देवनागरी लेटरिंग मन लावून करणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत. वेलांटी चौकटीबाहेर जाऊ न देता फुगा भरणं हे वेगळं कसब आहे. चित्रांचं काम नसेल त्या महिन्यांत हे काम तुला तारेल.

पोर्टफोलिओत पोस्टर्स दोनच ठेव. बाकी सलग पानं, एकामागून एक, संवाद नसतानाही गोष्ट कळेल अशी. त्यांत एक पान तरी असं हवं जिथे दोन माणसं नुसती बोलत बसली आहेत. संपादक आधी तेच पान बघतो, कारण मारामारी सगळ्यांनाच जमते.

एआयचं थोडक्यात सांगतो. चौकात लावायच्या पोस्टरचं काम त्याने खाल्लं आहे, आणखी खाईल. तुझ्या बारा चित्रांसारखं एकट्या नायिकेचं धुरातलं चित्र ते घटकेत देतं, हे तुलाही माहीत आहे आणि म्हणूनच तू घाबरली आहेस. पण २०२३ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने एका कॉमिकमधल्या यंत्राने बनवलेल्या चित्रांना संरक्षण नाकारलं. मजकूर आणि मांडणी यांचा हक्क तेवढा मान्य केला. ज्या चित्रावर मालकी सांगता येत नाही त्यात कंपन्या आपलं पात्र गुंतवताना दहादा विचार करतात. तू आपली कच्ची रेखाटनं, थंबनेल म्हणजे पानांचे छोटे आराखडे, पेन्सिलचे थर तारखेनिशी जपून ठेव.

आता माझं एक काम कर. तीन पानं काढ, नुसत्या पेन्सिलीत, रंग नको. पहिल्या पानावर तुमची शेड, आठही माग चालू, इतका खडखडाट की दोघी बायका एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन बोलतायत. तो आवाज अक्षरांनी कसा काढायचा ते तू ठरव. दुसऱ्या पानावर लाइट जाते. तुला ती शांतता माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. माग थांबल्यावर कोण कुठे बघतं, बाबा खिशातून काय काढतात, धाग्याचं काय होतं. तिसऱ्या पानावर शेवटच्या चौकटीत तुझी नायिका मागाला हात लावते. फक्त हात. वीज दाखवायची की नाही ते तुझ्यावर सोडतो.

तिचे पाय जमिनीवर दिसू देत. पानं दिवाळीच्या आधी पाठव, मी प्रत्येक चौकटीवर लिहून परत करीन. मूळ पानं पाठवू नकोस, झेरॉक्स पाठव.